नाकात घालायचं पाणी

"पोटाला चालतं ते पाणी नाकाला काऊन चालत नाही? नाक काय मोठं जावई लागून गेलं?" आबा झारीवर डाफरले.

झारी म्हणजे अकोल्यात घरोघरच्या टाक्या तपासत फिरणारा छोटा यंत्रमानव. तिच्या लांब तोटीमुळे पोरांनीच हे नाव पाडलं होतं. मे महिना होता. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी सकाळीच कोमट व्हायचं. आबा रोज जलनेती करायचे (एका नाकपुडीतून मिठाचं कोमट पाणी घालून दुसरीतून काढणं). पाणी उकळायची कटकट कशाला, सूर्यनारायण फुकटात तापवून देतो, अशी त्यांची बढाई! आजही ते टाकीच्याच पाण्याने नेती करून बसले होते.

"तुमच्या टाकीत अमीबा (एकाच पेशीचा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा जीव) सापडलाय," झारी म्हणाली. "त्याची एक जात घातक असते. पाण्याबरोबर गिळली तर तिचं काही चालत नाही. पण नाकात वर चढली, तर वासाच्या नसेवरून थेट मेंदू गाठते. असं फार क्वचित होतं, पण झालं तर जिवावर बेततं. आणि तिला कोमट पाणी फार आवडतं."

आबांची नात चार्वी झारीच्या अगदी जवळ सरकली. आईबाबा नोकरीसाठी लांब होते. तिचा डबा आबा भरायचे, वेण्याही आबाच घालायचे, एक वर नि एक खाली.

"तीच जात आहे का गं?" तिने कसंबसं विचारलं.

"अजून सांगता येत नाही. दिसायला सगळे भाऊबंद सारखेच."

"मग ओळखणार कसं?"

"बादलीभर पाणी मी अगदी बारीक गाळणीतून गाळलं. गाळणीवर जे जीव अडकले, त्यांचा डीएनए (जिवाची ओळख सांगणारा सूक्ष्म धागा) मोकळा केला. आता त्यात डीएनएचेच असे छोटे तुकडे सोडलेत, जे फक्त घातक जातीच्याच धाग्याला चिकटतात. चिकटले, तर त्या धाग्याच्या लाखो नकला होतील आणि ही नळी हिरवी चमकेल."

"म्हणजे जत्रेत नाव घेऊन हाक मारायची. ज्याचं नाव, तोच ओ देणार!" चार्वी म्हणाली.

"बरोब्बर."

तिघंही नळीकडे बघत बसले. "घाबरतेस कशाला, येडे?" आबा हसले. "माझ्या रिकाम्या डोक्यात अमीबा उपाशी मरंल."

चार्वी हसली नाही. तिने आबांचा अंगठा घट्ट धरून ठेवला.

नळी काही चमकली नाही. झारीने पुन्हा एकदा तपासलं, तरीही नाही. "निरुपद्रवी भाऊबंद निघाला," ती म्हणाली.

चार्वीला रडूच फुटलं. आबांच्या सदऱ्यात तोंड खुपसून ती हुंदके देत राहिली. आबांची थट्टा कुठल्या कुठे गेली. ते तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"पण जिथे हा सुखाने राहतो, तिथे ती घातक जातही येऊ शकते," झारी हळूच म्हणाली. "टाकी घासा, पाण्यात सांगितलेल्या प्रमाणात क्लोरीन (जंतू मारणारं औषध) टाका. आणि नेतीचं पाणी आधी खळखळून उकळा, मग कोमट होऊ द्या."

"उकळतो, बाप्पा! चार्वीची शपथ!"

"शपथ नको, आबा. मी रोज समोर उभी राहणार."

झारी शेजारच्या जिन्याकडे वळली. काही वर्षांत टाक्या स्वतःच स्वतःला तपासतील म्हणे. तोवर तिलाच गच्च्या चढायच्या होत्या. डोळे पुसून चार्वी तिच्यामागे धावली.

"अवो माय, तू कुठं निघाली?" आबांनी विचारलं.

"त्या घरातही कुणाचे तरी आबा आहेत ना!"