बारावी कडी

सकाळी आठला मिक्सरशेजारच्या साखळीयंत्राची घंटी वाजली आणि बाबरबाईंचा पोह्यांवरचा हात थांबला. त्यांच्या यजमानांचे, विश्वासरावांचे, फिट येण्यावरचे औषध हे यंत्र घरच्या घरी बनवी. दर तीन महिन्यांनी शरीर औषधाला सरावले, की यंत्र रेणूत एक कार्बन आणि दोन हायड्रोजन वाढवून पुढची कडी तयार करी. अकरा कड्या झाल्या, प्रत्येक आधीच्यापेक्षा सरस निघाली. आज बारावी तयार झाली होती.

अशा कड्यांच्या माळेला समजातीय श्रेणी म्हणतात. बाईंनी तीस वर्षे कराडच्या शाळेत ती शिकवली होती, तरी आज बाराव्या कडीची खात्री वाटत नव्हती. राहवेना, तशी त्यांनी माळ्यावरून धड्यांची जुनी टाचणवही काढली. 'गुणधर्म क्रमाने बदलत जातात,' असे त्यांच्याच अक्षरात होते. खालची ओळ लाल शाईने खोडलेली होती: 'काही श्रेणींत एका लांबीनंतर औषधी गुण एकाएकी नाहीसा होतो.' परीक्षेत विचारत नाहीत म्हणून खोडलेली. बाईंना स्वतःचाच राग आला.

यंत्र बनवणारा नेताजी शिंगटे त्यांचाच विद्यार्थी. त्यांनी फोन लावला.

"नेताजी, ही श्रेणी कुठे थांबवायची ते तुझ्या यंत्राला कळतं का रे?"

"थांबवायची कशाला, बाई? गुणधर्म क्रमाने बदलतात, तुम्हीच लिहून दिलं होतं. तोच नियम घातलाय. आठव्या कडीपर्यंत तपासलंय, पुढचा अंदाज यंत्र बांधतं."

"बारावी कडी कुणी घेतलीय आजवर?"

पलीकडून कळफलकाचा आवाज आला. "कुणीच नाही. काका पहिलेच असतील, बाई."

"मग सगळ्यांची यंत्रं अकरावर थांबव. आत्ता. मी एक ओळ खोडली होती, ती तुला वाचून दाखवते."

ओळ ऐकून 'थांबवतो, बाई,' म्हणत त्याने फोन ठेवला. बाईंनी वळून पाहिले, तर विश्वासराव दारात उभे होते. अकराव्या कडीचा जोर ओसरू लागला होता. परवाच ते मोरीत पडले होते, कपाळावर अजून पट्टी होती.

"अकरावी घेतली तर पडतो, हे कळलंय," ते म्हणाले. "बारावी घेतली तर काय होईल गं?"

'गुणधर्म क्रमाने बदलतात,' हे तीस वर्षांचे पाठ उत्तर बाईंच्या ओठांवर आले. त्यांनी ते गिळले.

"मला माहीत नाही हो."

विश्वासरावांनी खुर्ची ओढली आणि नेहमीसारखा गोळीसाठी हात पुढे केला. त्या हातावर आता काय ठेवायचे?