मोठ्यानं बोलायची वाट

गाणं मागून येत होतं, आणि तेही भलतंच लाडिक. साक्षीनं पावलं झपझप उचलली, तसं गाणंही झपझप येऊ लागलं. दोन्हीकडे डोक्यावर गेलेला ऊस, मधून बैलगाडीपुरती वाट, दिवस मावळतीला आलेला. निरगुडसर गावच्या मळ्यात वाढलेली ही पोरगी घाबरणाऱ्यातली नव्हती. तिला राग आला आणि ती गर्रकन वळली.

"ओ भाऊ, गाणी घरी जाऊन ऐका."

मागचा तरुण थबकला. हातात दुधाची रिकामी किटली, खिशात वाजणारा मोबाइल. "गाणं तुमच्यासाठी न्हाई," तो म्हणाला, "बिबट्यासाठी हाय. ऊसतोड लागलीय ना... माणसाचा आवाज आला की तो वाट सोडतो. तुमी पण मोठ्यानं बोलत चला."

साक्षी ओशाळली. ही रीत तिला काय ठाऊक नव्हती? पण तिचं डोकं माळावर अडकलं होतं. मळ्यात मोबाइलला रेंज नाही, म्हणून ती रोज संध्याकाळी माळावर जाऊन बसायची. कशासाठी, ते तिनं त्याला चालता चालता सांगितलं, अर्थात मोठ्यानं. अफगाणिस्तानात तालिबाननं सहावीच्या पुढं मुलींची शाळा बंद केली होती. एका परदेशी संस्थेनं त्यांच्यासाठी मोबाइलवर वर्ग सुरू केले होते. अवसरीच्या कॉलेजात इंजिनिअर झालेली साक्षी नोकरी शोधता शोधता त्यातल्या एका वर्गाला गणित शिकवायची. भाषा मोडकीतोडकी हिंदी. मालिका पाहून त्या मुलींना ती छान कळायची.

तो तरुण म्हणजे रुपेश. फाट्यावर त्यानं नुकतीच दूध डेअरी टाकली होती आणि घर साक्षीच्या मळ्याच्या पार पलीकडे होतं. सगळं ऐकून तो एवढंच म्हणाला, "डेअरीत वायफाय हाय. दुधाच्या काट्यासाठी घेतलंय, पण काटा काय गणित शिकत न्हाई. तुमी या."

ती गेली. पेंडीच्या पोत्यांमागे तिचा वर्ग भरू लागला. रुपेश गवळ्यांना दटावायचा, किटल्या हळू ठेवा, पलीकडे शाळा चालू आहे. तास संपला, डेअरी बंद झाली की दोघं त्याच वाटेनं परतायची. 'तुमी'चं 'तू' कधी झालं, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

"मंग जग काय करतंय यावर?" त्यानं एकदा विचारलं.

"युनोनं ठराव केले. आंतरराष्ट्रीय फौजदारी कोर्टानं त्यांच्या म्होरक्यांवर वॉरंट काढलं. काही देशांनी मदत आखडली, आणि एकानं तर त्यांच्या सरकारला मान्यताच दिली."

"आणि निरगुडसरनं?"

"निरगुडसरनं त्रिकोणमिती घेतली," साक्षी म्हणाली.

"आणि वायफाय दिलं. ते बी लिव्ह." तो हसला, आणि मग उगाच उसाकडे बघत म्हणाला, "एक राहिलंच... त्या दिवशी मला भाऊ म्हणालीस, ते मागं घे."

"का बरं?"

"असंच."

तिनं मागे घेतलं नाही, पण घरी पोचेपर्यंत तिचे गाल ऊन ऊन होते.

मग एका दुपारी शेजारच्या बांधावरची शेळी बिबट्यानं नेली. साक्षीच्या वडिलांनी, भागुजींनी, फर्मान काढलं. दिवे लागायच्या वेळेला पोरीनं घराबाहेर पडायचं नाही. साक्षी तडकली. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे बोट दाखवून म्हणाली, "तात्या, यांच्यासमोर बसून सांगताय? त्या पोरींच्या दाराला बी अशीच कडी घातलीय."

भागुजींना ते लागलं. "ही माया हाय माझी, फतवा न्हाई," ते म्हणाले. ते खरंच होतं, म्हणून तिला आणखी रडू आलं. माया असो की फतवा, वर्ग तर बंदच पडणार होता. आणि ती वाटही... पण ते ती कुणाला सांगणार?

संध्याकाळी ती डेअरीत आली नाही, कारण रुपेशच्या कानावर गेलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो दारात हजर. साक्षीला वाटलं, आता हा म्हणेल, मी आणून सोडतो, आणि तात्या भडकणार. पण तो भलतंच बोलला.

"तात्या, सांच्याचं दूध तुमी सोता डेअरीवर आणत जा. हिचा तास व्हईस्तोवर बसा, चहा माझा. जाताना बापलेक संगतीनं जावा."

साक्षी त्याच्याकडे बघतच राहिली. ज्या वाटेसाठी तो दिवसभर थांबायचा, ती त्यानं आपण होऊन सोडून दिली होती. नोकरीबिकरी राहू दे, या माणसाला आधी धरून ठेवायला हवं, असं तिला आतून वाटलं.

भागुजी येऊ लागले. चहा पीत पोत्यावर बसायचे, लेकीचं ऐकायचे, आणि रुपेशची तिच्याकडे वळणारी नजरही टिपायचे. पडद्यावर नुसते काळे चौकोन दिसायचे. मुली कधी बोलायच्या नाहीत, लिहूनच उत्तरं द्यायच्या. बाईचा आवाज घराबाहेर जाऊ नये, असा तिथला हुकूम. साक्षीनं गंमत म्हणून त्यांना बिबट्याची रीत सांगितली, की आमच्याकडे बाईनं वाटेनं मोठ्यानंच बोलावं लागतं. मग एक माइक सुरू झाला. गुलालई नावाच्या मुलीनं अगदी हलक्या आवाजात गणिताचं उत्तर सांगितलं... बरोबर उत्तर. तिचे वडील दाराबाहेर उभं राहून राखण करतायत, असंही ती म्हणाली.

भागुजींनी कप खाली ठेवला. डोळे पुसले आणि रुपेशला म्हणाले, "कुलूप लाव. आज तिघं संगतीनंच जाऊ."

उसाच्या तोंडाशी मात्र त्यांनी बॅटरी घेतली. "मी म्होरं व्हतो. तुमी या मागनं. पर बोलत या, मला ऐकू आलं पायजे."

दोघं चालू लागली. रुपेशनं किटली या हातातून त्या हातात घेतली. मग पुटपुटला, "साक्षी... मला..."

"मोठ्यानं," ती म्हणाली. "बिबट्याला ऐकू जाऊ दे."

त्यानं पुढच्या बॅटरीकडे पाहिलं, छाती भरून घेतली. "मला तू आवडतीस. लई आवडतीस."

पुढची बॅटरी थांबली. भागुजी खाकरले. "ह्याचं आलं ऐकू. तिचं न्हाई आलं अजून."

साक्षी हसली. तिला ती दाराआडची गुलालई आठवली. मग तिनं मान वर केली आणि उसाच्या पार त्या टोकाला जाईल अशा आवाजात सांगितलं,

"भाऊ म्हणालेले, ते मागं घेतलं."