अर्ध्या गोष्टीचा खारू

मधोमध

ही गोष्ट मधूनच सुरू करावी लागतेय, कारण खारू मध्येच अडकलाय.

खारू म्हणजे सहा चाकांचा यंत्रमानव. चंद्राच्या दक्षिण ध्रुवापाशी एक विवर (मोठा, खोल खड्डा) आहे. त्यात ऊन कधीच पोचत नाही. खारू तिथे उतरला, त्याने बर्फ खणून पेटीत भरला आणि तो थांबला. चाकं ठीक, मोटर ठीक, तरी जागचा हलेना. तिथल्या गारठ्यात त्याची उन्हावर भरणारी बॅटरी फार वेळ टिकणार नव्हती.

वर, चांद्रवसाहतीत, शलाकाने माइक ओढून घेतला. "खारू, परत ये ना रे."

"परत म्हणजे?" खारूने विचारलं. "नायक गुहेत पोचला. त्याला ठेवा मिळाला. गोष्ट संपली."

शलाकाने आजोबांकडे पाहिलं. खारू त्यांनीच बनवला होता.

सुरुवात

अनोळखी वाटेवरचं प्रत्येक पाऊल आधी ठरवता येत नाही. म्हणून आजोबांनी खारूला हुकूम दिलेच नाहीत, गोष्टी ऐकवल्या. रोज झोपताना शलाका पांघरुणात, खारू कोपऱ्यात, आजोबा खुर्चीत. गोष्टींचं कथानक (घटना एकीतून एक गुंफण्याची रीत) ओळखून खारू पुढचं पाऊल स्वतःच ठरवायला शिकला.

"पण आजोबा," शलाका म्हणाली, "नायक गुहेत शिरला की तुम्ही घोरायला लागायचात."

"मी? तू झोपायचीस."

"मी खारूचं बटण बंद करून मग झोपायचे."

आजोबांनी चष्मा काढला. "म्हणजे त्याने एकही शेवट ऐकलेला नाही."

"मी तरी कुठे ऐकलाय?"

पुन्हा मधोमध

आजोबांनी टेबलावर सांडलेल्या चहातून बोट फिरवत गोल काढला.

"जगातल्या कितीतरी गोष्टी अशा फिरतात, शलू. हे वर घर. हाक येते, नायक उंबरठा ओलांडतो. मग कसोट्या. मग इथे, तळाशी, सगळ्यांत कठीण जागा आणि ठेवा. याला म्हणतात नायकाचा प्रवास (घरून निघून, बदलून घरी येणं). आपला खारू या तळाशी आहे. उरलेला अर्धा गोल..."

"मी सांगते त्याला."

तिने माइक तोंडाशी धरला.

"खारू, ऐक. नायकाच्या पेटीत बर्फ होता. पण त्याला स्वतःला तहान लागत नव्हती. मग तो बर्फ कुणासाठी?"

खरखरीतून खारूचा आवाज आला.

"घरच्यांसाठी?"

"हो. ते वाट बघत होते. म्हणून नायक मागे वळला. चढ निसरडा होता."

"उतरताना घसरलो होतो," खारू म्हणाला. "डावीकडे खडक आहे. तिथे चाक अडतं."

"जाताना नायकाला हे ठाऊक होतं?"

"नव्हतं. आता आहे."

पडद्यावरचा ठिपका हलला. चढला. घसरला. डावीकडे वळून पुन्हा चढला. शलाका बोलतच राहिली. बॅटरीची खूण लाल होऊन लुकलुकू लागली, तेवढ्यात आवाज आला, "मला ऊन दिसतंय."

शेवट

बर्फ वितळला, गाळला, आणि त्याच पाण्याचा आजोबांनी चहा टाकला.

"आज गोष्ट मी सांगतो," झोपायच्या वेळी खारू म्हणाला. "एक होता खारू..."

तो विवरात उतरला, तेव्हा आजोबा घोरू लागले. सवयीने शलाकाचा हात बटणाकडे गेला. तिने तो मागे घेतला.

"पुढे?"

"पुढे तो घरी आला," खारू म्हणाला, "आणि खिडकीतून शेजारच्या विवराकडे बघू लागला."

शलाका ताडकन उठून बसली.