पट्ट्यांची थरथर

वाचनालयाच्या दारात उभ्या असलेल्या तरुणाला पुस्तक नकोच होतं.

"तुमची ती पुस्तकांची ढकलगाडी... जरा हळू चालवाल?"

"का? धडकली का तुम्हाला?"

"मला नाही. माझ्या इलेक्ट्रॉनला."

ती खळखळून हसली. ग्रंथपाल झाल्यापासून अशी तक्रार पहिलीच!

तो तिला खाली, लेझरच्या खोलीत घेऊन गेला. प्रखर लेझरच्या झटक्याने अणूतला इलेक्ट्रॉन बाहेर ओढायचा, परत फिरवायचा, आणि दुसऱ्या झटक्याने ती धावपळ टिपायची – हे त्याचं काम. जराशा हादऱ्यानेही दोन झटक्यांमधलं अंतर बदललं, की पडद्यावरचे उजेडाचे पट्टे थरथरत.

"दुपारी तुम्ही गाडी काढली, की हे असे नाचतात."

"म्हणजे मी वर काय करते, ते खाली कळतं?"

"हो..." त्याचे कान लाल झाले. "आज तुम्ही उशिरा आलात."

मग रोजचा चहा सुरू झाला. एकदा कपात बघतच त्याने सांगितलं – इलेक्ट्रॉनचं चित्र स्वच्छ आलं, की दूरच्या शहरातली नोकरी पक्की. नाही आलं, तर आणखी वर्षभर इथेच.

"येईल की," ती म्हणाली. चहा मात्र तसाच राहिला.

प्रयोगाच्या शेवटच्या आठवड्यात ती गाडीच्या दांड्यावर हात ठेवून कितीदा तरी उभी राहिली. एकदा खडखडाट केला, की तो राहणार होता... तिने चपला काढल्या, पुस्तकं छातीशी धरली आणि एकेक फेरी गाडीशिवायच घातली.

शुक्रवारी तो वर आला.

"चित्र आलं. पट्टे एकदाही हलले नाहीत."

"अभिनंदन." ती नीट लावलेलीच पुस्तकं पुन्हा लावत होती.

"दारातून पाहिलं मी तुम्हाला. अनवाणी. एकदा ढकलली असतीत, तर राहिलो असतो. माहीत होतं ना?"

"होतं."

"मग?"

"तुमचं चित्र मी कशी बिघडवू?"



"पट्टे स्थिर असले, की करमत नाही हो मला... याल माझ्याबरोबर?"

तिने डोळे पुसले. "गाडी आणू?"

या गोष्टीला आता कितीतरी वर्षं झाली. वाचनालयाने मोडीत काढलेली ती गाडी त्यांच्या खिडकीशी उभी असते, कुंड्या घेऊन. ऊन सरकलं, की ती गाडी सरकवते. चाक करकरतं.

"आई, तेल घाल ना गं त्याला!" मुलगी वैतागते.

आणि आतल्या खोलीतून आवाज येतो – "खबरदार!"