काचेवरची वाफ

देवळीच्या त्या कॉलेजात भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा अगदी मागे, कापसाच्या जिनिंग गिरणीच्या बाजूला होती. दिवाळीनंतर कापूस यायला लागला की खिडक्या घट्ट लावाव्या लागत, नाहीतर तंतू उडत येऊन थेट अंकिताच्या काचेच्या पट्ट्यांवर बसायचे. या पट्ट्यांवर ती झिंक ऑक्साइडचा थर चढवायची, डोळ्यांना दिसणारही नाही इतका पातळ. अतिनील प्रकाश पडला की थरातून वाहणारा करंट वाढतो. त्यावरून सेन्सर बनवायचा, हे तिचं पीएचडीचं काम. घरचे चिडवायचे, "दिवसभर काचाच पुसते ना तू?" त्यात फारसं खोटंही नव्हतं.

पुसण्यातले खरे उस्ताद बंडूजी. एकोणतीस वर्षं इथे परिचर. पट्टी धुऊन वाळली की ते ती तोंडासमोर धरून "हाऽ" करायचे. वाफ सगळीकडे सारखी धरली तर काच स्वच्छ. कुठे डाग राहिला तर पुन्हा धुवायची. "मॅडम, मशीनले फसवता येते, वाफेले नाई," म्हणायचे. नव्या पोरांना ते आणखी एक गोष्ट बजावायचे, "तापलेल्या भट्टीचं दार उघडजो नोको. काच तडकते."

शनिवारी त्यांनी पाच पट्ट्या फुंकून दिल्या. रविवारी छातीत कफ भरला म्हणून त्यांना वर्ध्याला दवाखान्यात भरती केलं.

सोमवारी अंकिताने पाचही पट्ट्यांवर थर चढवला आणि दुपारी एक पट्टी भट्टीत भाजून पाहिली. भाजल्याशिवाय थर कामाचा होत नाही. मंगळवारी दुपारी उरलेल्या चार भट्टीत लावल्या आणि कालची पट्टी मीटरला जोडली. झिंक ऑक्साइड पाहिलेला उजेड लवकर विसरत नाही, म्हणून ती कालपासून काळ्या डब्यात बंद होती. अंधारात स्क्रीनवरची रेषा सपाट यायला हवी.

रेषा वर जात होती, खाली येत होती.

तिने वायर तपासली. पंखा बंद केला. डब्याच्या झाकणाला काळी टेप लावली. मग मागच्या वर्षीची, स्वतः पुसलेली पट्टी जोडून पाहिली, तर रेषा सपाट. पुन्हा ही जोडली. वर, खाली. तिने घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला अठ्ठावीस. वर जाताना रेषा मध्येच अडखळत होती.

अंकिता कशालाही घाबरणारी मुलगी नव्हती. तरी या पट्टीवर शेवटची फुंकर बंडूजींची होती, हे तिला आठवलं. बंडूजींची खुशाली विचारावी म्हणून तिने त्यांच्या मुलीला, ज्योत्स्नाला फोन लावला.

"धापा टाकून राह्यले ना ताई," ज्योत्स्ना म्हणाली. "अन् अंग असं तापलं का हात लाववत नाई."

"केव्हापासून?"

"आत्ता दुपारपासून. कालही दुपारीच ताप चढला होता, संध्याकाळी आपोआप उतरला. डॉक्टर म्हणतात, आता पुन्हा नाई झेपणार."

काल दुपारी एक पट्टी भट्टीत होती.

"ज्योत्स्ना, फोन बाबांच्या तोंडापाशी धर बरं."

घरघर ऐकू आली. अंकिताचे डोळे स्क्रीनवर होते. श्वास आत, रेषा वर. श्वास बाहेर, रेषा खाली. घशात अडकला, तिथे रेषाही अडकली.

भट्टीवर आकडा होता तीनशे ऐंशी. तिने बटण बंद केलं. आकडा एकाने खाली आला आणि तिथेच रेंगाळला. भट्टी निवायला संध्याकाळ होणार, हे तिला माहीत होतं.

"ताई, बाबा कसेतरी करून राह्यले! डोळे फिरवले ओ!"

त्या क्षणी तिला एवढंच कळत होतं, की त्या माणसाला आगीतून बाहेर काढायचं. सगळं शिकलेलं ती विसरली. तिने हातमोजा चढवला आणि भट्टीचं दार उघडलं.

तड.

मग तीनदा. तड, तड, तड.

फोनमधली घरघर थांबली होती.

थोड्या वेळाने ज्योत्स्नाचं रडणं सुरू झालं. अंकिता "मी... मी..." एवढंच म्हणत राहिली. पलीकडून कुणीतरी फोन कापला.

"माझ्या हातून झालं," ती मोठ्याने म्हणाली. ऐकायला कुणी नव्हतं. भट्टीच्या धगीने तोंड भाजत होतं.

मग तिने स्क्रीनकडे पाहिलं.

रेषा चालूच होती.

वर, खाली. आता अडखळत नव्हती. मिनिटाला सोळा. शांत, निरोगी, तरुण.

तिने मीटरची वायर ओढून काढली.

वर, खाली.

हा श्वास कुणाचा, हे तिला कळायला थोडा वेळ लागला. तिने तोंड मिटलं, नाक दाबून धरलं, छाती घट्ट आवळली. रेषा थांबली.

ती तशीच उभी राहिली. दहा. पंधरा. वीस.

आधी रेषा वर गेली. मग तिची छाती.