बाहेरची घडी

"खाली उतरा, मला भांडायचंय!"

शिडीवरचा गोदामवाला वळला. दोन्ही हातांत कापडाचं ठाण. "वरूनच ऐकतो," म्हणाला, "हात मोकळे नाहीत."

हसू येत होतं, पण मी दाबलं. माझ्या आत्याने रंगवलेल्या निळ्या ठाणांवर इथल्या मालकांनी 'रंग कच्चा' असा शेरा मारला होता. आत्या तीस वर्षं रंगवतेय. शेरा टिकला तर पुढचं काम बंद, आणि काल शेऱ्याची चिठ्ठी आल्यापासून ती धड जेवलीही नव्हती. मग मी चिडू नको तर काय करू?

तो उतरला. एक ठाण टेबलावर उलगडलं. बाहेरच्या घडीवर विटका पट्टा... आतलं कापड मात्र जसंच्या तसं, गडद निळं.

"कच्चा असता तर आतही उडाला असता," मी म्हटलं. "ह्याला ऊन लागलंय. आम्ही ठाणांना गुंडाळून दिलेला काळा कागद कुठाय?"

त्यानं ठाणाची कड सरळ केली. मग अगदी हळू — "मी काढला."

"का?"

"ठाणांसोबतच्या तुमच्याच चिठ्ठीत होतं, ओल धरू देऊ नका. कागद दमट लागला... म्हणून काढला, आणि ठाणं खिडकीशी ठेवली. वारा लागावा म्हणून."

अरे देवा! इतक्या काळजीनं कोणी वाटोळं करतं का? कोरडा कागद गुंडाळायचा, अंधारात ठेवायचं, महिन्यानं घडी बदलायची, बस. पण हे चिठ्ठीत लिहायचं मीच विसरले होते.

"आपण सांगू, कागदच खराब निघाला," मी पटकन बोलून गेले. त्याची नोकरी जाईल याची धास्ती मला का वाटावी, कोण जाणे.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ. "कागदही तुमचाच ना? मग बोल पुन्हा आत्यांनाच लागणार."

तो थेट मालकांच्या खोलीत गेला. "चूक माझी आहे," हे मला स्वच्छ ऐकू आलं. मालकांचा आवाज तर रस्त्यापर्यंत गेला असेल.

चार दिवसांनी तो आमच्या कारखान्यात आला, हातात मालकांचं पत्र. शेरा मागे, पुढचं काम आत्याकडेच. आत्याने ते दोनदा वाचलं आणि पदराने डोळे पुसत आत गेली.

"आणि तुमचं काय?" मी विचारलं.

"दुसऱ्या गावच्या गोदामात पाठवलंय. बसनं तीन तास."

म्हटलं, आता नाही बोलले तर कधीच नाही. "मला तुम्ही आवडता," मी म्हणाले. "खूप."

तो कानापर्यंत लाल झाला. "पत्र टपालानंही धाडता आलं असतं," तो म्हणाला. "मी... मुद्दाम घेऊन आलो. रविवारी येऊ?"

"या ना."

आतून आत्या ओरडली, "अगं, रविवारी कारखाना बंद असतो!"

"म्हणूनच तर!" मी म्हटलं.