बारा चाळीसची डबल बेल

भुताच्या गोष्टी बहुतेक रात्रीच्या असतात. ही भर दुपारची आहे.

आणि खरी आहे.

ज्याच्या बाबतीत हे घडलं तो माणूस हयात आहे. बत्तीस वर्षं बस चालवली त्यानं. ना दारू, ना अपघात, ना भुताखेतांवर विश्वास. थापा मारायला जेवढं डोकं लागतं तेवढं त्याला देवानं दिलेलंच नाही, असं त्याची बायको म्हणायची.

मार्च महिना होता. गुरुवार. हमरस्त्यावरचा एक डिझेल पंप. वेळ बारा वाजून चाळीस मिनिटं.

एकोणचाळीस नाही, एकेचाळीस नाही. चाळीस.

वेळेत तो चुकत नाही. डेपोत त्याला सगळे ‘टायमिंग’ म्हणूनच हाक मारायचे.

निवृत्त झाल्यावर त्यानं मोडीत निघालेली एक मिनीबस घेतली. सुतार लावून आत पलंग बसवला, छोटा ओटा केला, बेसिन केलं, गॅस ठेवला. घरगाडीच झाली. पडदे बायकोनं शिवले. ती शिवणकाम करायची. अख्ख्या गल्लीचे ब्लाउज आणि शाळेचे गणवेश तिच्याच मशिनवरून जायचे.

“बत्तीस वर्षं जगाला फिरवलंत,” ती म्हणाली होती. “एकदा मला न्या. तिकीट काढते हवं तर.”

ठरलं. देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. त्या टोकाला समुद्र होता आणि एक दीपगृह होतं. त्याचं चित्र तिनं कुठल्याशा कॅलेंडरमधून कापून ठेवलं होतं.

बरोबर दोन कुत्री. थोरला मास्तर. म्हातारा, एका डोळ्यानं अधू. गाडीत चढला की कंडक्टर तिकीट तपासतो तसा प्रत्येकाला हुंगून यायचा, म्हणून मास्तर. धाकटा पावशेर. वीतभर अंग, जन्मापासून शेपूट नाही, आवाज मात्र मणाचा. रस्त्यावर एकही ट्रक त्याच्या शिव्या खाल्ल्याशिवाय पुढं जात नसे.

ड्रायव्हरची केबिन आणि मागची खोली यांच्यामध्ये प्लायवूडची भिंत होती. इंजिनाची धग मागं जाऊ नये म्हणून. त्यामुळं पुढून मागचं काही दिसायचं नाही.

मग त्यांनी बसचाच नियम लावला. सगळं आवरलं, कुत्री आत आली, दार लागलं, की ती भिंतीवर दोनदा वाजवायची.

डबल बेल. चला.

एकदाच वाजवलं तर सिंगल बेल. थांबा.

ती बोटातल्या अंगुस्तानानं वाजवायची. शिवताना सुई टोचू नये म्हणून बोटात घालतात ती धातूची टोपी. टक् टक्. असा आवाज दुसऱ्या कशाचा येत नाही.

आणि त्याची बत्तीस वर्षांची सवय अशी, की डबल बेल पडली की घड्याळ बघायचं आणि गिअर टाकायचा. मागं बघायचं नाही. मागचं कंडक्टर बघतो.

नवव्या दिवशी सकाळी ते एका नदीकाठी थांबले होते.

“आज इथंच राहू या का?” ती म्हणाली. “छातीत जरा जड वाटतंय.”

“रात्रीचं उशिरा खाल्लंस, त्याचं असेल. दुपारी तीनच्या आत तीनशे किलोमीटर गाठायचेत.”

“कोण ताटकळलंय तिथं तुमच्यासाठी?”

“शेड्यूल म्हणजे शेड्यूल.”

“अहो, मी काय तुमची पॅसेंजर आहे?”

तो तेव्हा काचा पुसत होता. फडका झटकत तो बोलून गेला...

“नाही पटत तर उतर.”

तिनं कपबशा विसळल्या, कुत्री आत घेतली, दार लावलं. टक् टक्.

त्यानंतर तीन तास दोघांच्यात अवाक्षर नाही.

पावणेबाराला ते त्या पंपावर पोचले. ऊन रणरणत होतं. तो डिझेल भरायच्या रांगेत लागला. आरशात त्याला ती उतरताना दिसली. एका हातात शिवणाची डबी, दुसऱ्या हातात मास्तरचा गळ्यातला पट्टा. पट्ट्याची शिवण उसवली होती. मास्तर मोकळाच तिच्या मागून रखडत निघाला. दोघं शौचालयाच्या मागच्या झाडीकडं गेले.

तिनं वळून पाहिलं नाही. त्यानंही हाक मारली नाही.

डिझेल भरून झालं. चाकांत हवा भरली. गाडी बाजूच्या सावलीत घेऊन तो केबिनमध्ये बसून राहिला. उतरून चार पावलं जायचं, बघून यायचं, एवढंच होतं.

पण राग. तिनं आधी बोलावं. मीच का?

हवेच्या मशिनचा धडधडाट चालू होता. दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

मग... गाडी डाव्या अंगाला किंचित दबली.

कुणी पायरीवर पाय ठेवला की दबायची तशी.

त्यानं इंजिन सुरू केलं.

टक् टक्.

त्यानं घड्याळ पाहिलं. बारा चाळीस. पहिला गिअर टाकला.

रस्ता सरळसोट होता. पहिल्या दहा मिनिटांत सात-आठ ट्रक समोरून गेले.

पावशेर भुंकला नाही.

एकदाही नाही.

पंधरा किलोमीटर गेल्यावर मागं बेसिनचा नळ सुटल्याचा आवाज आला. थोडा वेळ पाणी वाहिलं... बंद झालं. पेला ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला.

त्याला बरं वाटलं. राग निवळतोय म्हणायचा.

“पुढं चहाला थांबू या का?” तो भिंतीकडं तोंड करून म्हणाला.



“अगं, छातीचं कसंय आता?”

काही नाही. फक्त पलंगाची फळी करकरली, कुणी कूस बदलावी तशी.

“राहा मग रुसून,” तो म्हणाला, आणि वेग वाढवला.

दोन वाजता मागं तिचा फोन वाजायला लागला. वाजून वाजून बंद पडला. पुन्हा वाजला. पुन्हा. सहाव्यांदा वाजला तेव्हा मात्र त्यानं एक्सिलेटरवरून पाय काढला. घरी लेक होती, जावई होता. कुणाचाही असला, तरी रागाच्या भरात फोन न उचलणारी बाई ती नव्हती.

त्यानं गाडी कडेला घेतली. मागं जाऊन दार उघडलं.

आत कुणी नव्हतं.

मास्तर नव्हता. ती नव्हती. पावशेर टेबलाखाली अगदी कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. मानेवरचे केस उभे. नजर पलंगावर.

पलंग रिकामा होता. उशीवर फोन वाजत होता.

ओट्यावर एक पेला पालथा घातलेला होता... त्याच्याखाली ओल होती.

त्यानं फोन उचलला.

“हॅलो, मी पंपावरून बोलतोय,” पलीकडून एक दमलेला आवाज आला. “इथं एक कुत्रा आहे. त्याच्या पट्ट्याच्या बिल्ल्यावर हा नंबर आत्ता दिसला. तुम्ही... तुम्ही त्या बाईंचे कोण?”

नव्वद किलोमीटर तो कसा परत आला ते त्याला आठवत नाही.

शौचालयाच्या मागं झाडाखाली सिमेंटचं बाकडं होतं. तिला त्यावरच आडवं केलं होतं, वर ताडपत्री होती. मास्तर बाकड्याखाली बसला होता. कुणाला जवळ येऊ देत नव्हता.

पंपावरचा माणूस सांगत होता, “साहेब, कुत्रा ओरडत होता म्हणून मी मागं आलो. एक वाजायला दहा कमी होते. बाई टेकून बसल्या होत्या. मांडीवर पट्टा. मला वाटलं, डोळा लागला असेल. हाका मारल्या, उठेनात. बरोबर कोण आहे, म्हणून गाडी बघायला धावलो... तर गाडी नव्हती.”

जवळच्या गावातून डॉक्टर आला होता. तरुण मुलगा. चष्मा पुसत तो म्हणाला, “मी एक वाजून पाच मिनिटांनी पोचलो. हार्ट. तेव्हा जाऊन अर्धा तास तरी झाला होता. जास्तच असेल, कमी नाही.”

टायमिंगनं मनात हिशेब केला. एक पाचमधून अर्धा तास वजा.

बारा पस्तीस.

“डॉक्टर, बारा चाळीसला तिनं बेल दिली.”

“काय दिलं?”

“डबल बेल. मी ऐकली.”

डॉक्टरनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “तुम्ही आधी पाणी प्या.”

त्यानं ताडपत्री बाजूला केली. उजव्या हाताच्या मधल्या बोटात अंगुस्तान होतं. घट्ट बसलेलं. ते काढायला पंपावरच्या माणसाला साबण आणावा लागला.

लेक विमान पकडून रात्री आली. आईला पाहिलं, रडली, मग त्याच्यापुढं उभी राहिली.

“बाबा, तुम्ही मागं बघितलं का नाही?”

“बेल पडली गं.”

“पावशेरनं शेपूट आपटली असेल.”

“पावशेरला शेपूट आहे कुठं?”

तिनं डोळे पुसले. मग म्हणाली, “आईला आयुष्यभर मागं बसवलंत. एकदा तरी वळून बघायचं होतंत.”

ती आईबरोबर रुग्णवाहिकेतून गेली. त्याला बरोबर घेतलं नाही. “कुत्र्यांना कोण आणणार? या तुम्ही तुमच्या वेळेनं,” म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो निघाला. अंगुस्तान शर्टाच्या खिशात. दोन्ही कुत्री आत. दार त्यानं स्वतः लावलं, दोनदा ओढून पाहिलं. केबिनमध्ये बसला. इंजिन सुरू केलं.

आणि सवयीनं थांबला.

काही क्षण नुसती इंजिनाची घरघर.

मग... गाडी डाव्या अंगाला दबली.

टक् टक्.

तो धावत मागं गेला. दार बंद होतं. उघडलं. मास्तर दारापासून सरकून बाजूला बसला होता. ती चढायची तेव्हा तिला वाट द्यायला तो असाच सरकायचा. शेपटी हळूहळू हलत होती.

पावशेर टेबलाखाली होता.

परतीच्या वाटेवर तो अकरा वेळा थांबला. अकरा वेळा बेल पडली. प्रत्येक वेळी डबल.

पोचला तोवर तिला अग्नी देऊन झाला होता.

घरगाडी आता घरामागं उभी आहे. विकायला काढली होती. एक मेकॅनिक बघायला आला. भला माणूस, तोंडानं फटकळ. चाकं बघितली, केबिनमध्ये बसून इंजिन सुरू केलं, कान देऊन ऐकलं.

“काका, मागं कोण बसवलंय?”

“कुणी नाही. का?”

“चेष्टा करता का गरिबाची? आत्ता दोनदा वाजवलं की कुणीतरी.”

टायमिंगनं मागचं दार उघडून दाखवलं. मेकॅनिकनं आत डोकं घातलं. ओट्यावर पालथा पेला होता. त्यानं बोट लावलं... बोट ओलं झालं.

घरगाडीत सहा महिने पाणी भरलेलं नव्हतं.

मेकॅनिक आपली पान्यांची पिशवी तिथंच टाकून गेला. न्यायला नंतर भावाला पाठवलं.

रोज दुपारी बारा चाळीसला टायमिंग केबिनमध्ये जाऊन बसतो. इंजिन सुरू करतो. शेजारी आता विचारत नाहीत. लेकीचा फोन महिन्यातून एकदा येतो, मास्तरचं औषध दिलं का ते विचारायला.

तो भिंतीकडं तोंड करून बोलतो.

“चुकलं माझं. उतर म्हणायला नको होतं. आज घाई नाही. कुठं जायचं नाही. तू फक्त एकदाच वाजव.”

सिंगल बेल. थांबा. एवढंच त्याला ऐकायचं आहे.

टक् टक्, येतं.

म्हणजे निघा. जा तुम्ही.

पण अलीकडं एक गोष्ट त्याच्या लक्षात आली आहे. वेळेत तो चुकत नाही.

आधी दोन्ही टक् लागोपाठ यायच्या. तो रोज तेच ऐकून उठायचा. मग एके दिवशी मध्ये एक सेकंद गेला. पुढच्या आठवड्यात तीन. परवा अकरा.

काल पहिली टक् आली...

आणि मग काहीच नाही. त्यानं श्वास धरला. नजर घड्याळाच्या सेकंदकाट्यावर. बारा. तेरा. चौदा. मागं पावशेर विव्हळायला लागला. पायरीवरचा भार हलला, आणि केबिनच्या दाराच्या बाजूनं गाडी दबली. पंधरा. सोळा. दाराची मूठ किंचित खाली गेली.

सतरा.

टक्.

मूठ वर आली.

दुसरी बेल पडणार नाही असा एक दिवस येणार, हे त्याला कळून चुकलं आहे. त्या दिवशी दार उघडेल. ती आत येऊन काय म्हणेल, याचा विचार करून त्याला झोप लागत नाही.

तरी बारा चाळीसला तो जातोच.

सतरा सेकंद तो जागचा हलत नाही. त्या दिवशी पंपावर बेल पडल्यावर तो तेवढंही थांबला नव्हता.